सतरा सह्यांची पेढी

बापू माणसांशी बोलण्याआधी भिंतीशी बोलतात. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधीच उजव्या हाताची दोन बोटं भिंतीवर टकटक वाजवतात, मान तिरपी करून ऐकतात, आणि यजमान "या, बसा" म्हणेपर्यंत यांचं निदान तयार असतं. "पोकळ झाली. आतून सोडलंय तिनं." हे ऐकून घरातली सासू आधी सुनेकडं बघते, मग भिंतीकडं.

बापू हे एका माणसाचं नाव नव्हे. मेहकरच्या जुन्या पेठेतले तीन-चार जण एकत्र कालवले की एक बापू तयार होतो. चिखलीत, देऊळगाव राजात, लोणारात असा एकेक तरी निघतोच, आणि खामगावात तर गल्लीगणिक. वय साठीच्या पुढं. नोकरी शाळेत, पोस्टात नाहीतर सहकारी बँकेत झालेली, म्हणजे कागद जपायची सवय जन्मभराची. खिशात मोजमापाची टेप आणि किल्ल्यांचा जुडगा, ज्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलपं हयात नाहीत. आणि नावावर, म्हणजे नावाच्या सतराव्या हिश्श्यावर, पेठेतली एक जुनी दुमजली पेढी.

ही पेढी बापूंच्या पणजोबांनी बांधली. खाली रस्त्याच्या अंगाला पाच गाळे, पुढं दगडी ओटा, वर सागवानी खांबांचा सज्जा, आणि मागं कापसाच्या बोजांसाठी वखार. बांधली कधी, हा प्रश्न मात्र बापूंना विचारू नये. ऐकणारा जितका मोठा तितकं पेढीचं वय वाढतं. शेजाऱ्याला सांगताना ती शंभर वर्षांची असते. पत्रकार आला की सव्वाशेची होते. एकदा जिल्ह्याचे कुणी साहेब लोणारच्या सरोवराला जाताना पेठेत थांबले, तेव्हा ती थेट अमेरिकेच्या यादवी युद्धात जाऊन बसली. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेचा कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि वऱ्हाडातल्या पांढऱ्या बोंडाला सोन्याचा भाव आला. 1870 मध्ये खामगावला रेल्वे आली. मेहकरला ती तेव्हा आली नाही आणि अजूनही आलेली नाही. त्यामुळं इथला माल बैलगाड्यांनी घाट उतरून खामगावला जायचा आणि त्या गाड्या भरेपर्यंत पैसा पेढ्यांवर फिरायचा. "म्हणजे बघा," बापू म्हणतात, "तिकडं लिंकन लढत होता अन् इकडं आमच्या तुळया चढू राहिल्या होत्या." साहेबांनी मान डोलावली. साहेब गेल्यावर पेढी परत शंभरावर आली.

ना. घ. देशपांडे मेहकरला वकिली करत. 'शीळ' लिहिणारा हा कवी या गावाचा, याचा गावाला रास्त अभिमान आहे. बापूंचं म्हणणं, ते कोर्टातून घरी जाताना आमच्याच ओट्यावर टेकायचे. पेठेतला प्रत्येक जुना ओटा हेच सांगतो. सगळे ओटे खरे धरले तर वकीलसाहेबांना घरी पोचायला रात्र होत असणार आणि कवितेला वेळ उरला नसणार. पण हे बापूंना म्हणायचं कुणी?

बापूंचा खरा जीव अडकलाय चुन्यात. पानातल्या नव्हे, भिंतीतल्या. सिमेंट हा शब्द ते तोंडानं उच्चारत नाहीत, "ते राखाडी" म्हणतात. त्यामागं एक कौटुंबिक जखम आहे. त्यांच्या एका काकांनी पूर्वी मागच्या मातीच्या भिंतीला हौसेनं सिमेंटचा गिलावा मारला. भिंत दोन वर्षं अशी चकचकीत दिसली की काका येणाऱ्या-जाणाऱ्याला हात फिरवून दाखवायचे. जुन्या मातीच्या भिंतीत पायातून ओल वर चढतच असते. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो, सिमेंट सोडत नाही. ओल आतच कोंडत गेली, माती भुसभुशीत झाली, आणि एका श्रावणात गिलावा खाली आला तो वीतभर भिंत सोबत घेऊन. काकांनी पावसाला शिव्या दिल्या. बापू तेव्हा कॉलेजात होते. त्यांनी त्या दिवशी सिमेंटशी वैर धरलं.

तेव्हापासून चुना विरवायचा कसा, किती दिवस मुरवायचा, घाणीत वाळूबरोबर किती फेरे मळायचा, त्यात गुळाचं पाणी किती, बेलफळाचा गर किती, हिरडा कधी, हे सगळं ते लग्नाच्या पंगतीत सांगतात. शेजारचा माणूस जिलेबी हातात धरून ऐकत राहतो आणि वाढपी पुढं निघून जातो. त्यांच्या चर्चेला कुणी "पण बापू, आजकाल चुना मळणारा गवंडी मिळतो का?" असं विचारलं की ते गप्प होतात, कारण मिळत नव्हता. शेवटी शोधत शोधत डोणगावच्या बाजूला एक ऐंशीच्या घरातला गवंडी सापडला. त्यानं तरुणपणी बापाच्या हाताखाली घाणी चालवली होती. बापू त्याला मोटारसायकलवर मागं बसवून मिरवत आणल्यागत गावात घेऊन आले. म्हाताऱ्यानं पेढीला एक चक्कर मारली, भिंतीला हात लावला, ओट्यावर बसून बिडी पेटवली आणि म्हणाला, "सिमेट लावून टाक ना बापू. कायले डोक्याले ताप करू राहिला?"

बापू दोन दिवस जेवले नाहीत असं त्यांच्या घरच्या, म्हणजे काकू, सांगतात. काकूंच्या मते ते बरंच झालं, वजन कमी झालं.

पेढीचा मूळ चेहरा गावातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेलाच नाही. पाचही गाळ्यांवर फ्लेक्स. मोबाइलवाल्यानं सज्जाची अर्धी लांबी अॅल्युमिनियमच्या निळ्या पॅनलनं झाकलेली. कृषी केंद्राच्या फलकावर सोयाबीनचं झाड इतकं मोठं की वरची महिरप त्याच्या पानांमागं गेली. पुढाऱ्यांचे वाढदिवस येतात तेव्हा तर इमारतच दिसेनाशी होते, नुसते हसरे चेहरे हवेत लटकलेले. बापूंची एक भाची न्यू जर्सीत असते. तिनं एकदा फोनवर सांगितलं की मामा, इथंही असंच झालं होतं. 1950-60 च्या सुमारास अमेरिकेतल्या लहान गावांतल्या दुकानदारांनी विटांच्या जुन्या दर्शनी भागांवर अॅल्युमिनियमचे पत्रे चढवले, मॉडर्न दिसावं म्हणून. मग 1977 मध्ये तिथल्या नॅशनल ट्रस्टनं गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज अशा तीन गावांत मुख्य रस्त्याच्या जुन्या इमारती सुधारून परत धंद्याला लावायचा प्रयोग केला. पुढं त्याचा 'मेन स्ट्रीट' म्हणून देशभर कार्यक्रम झाला. त्यात बऱ्याच ठिकाणी पहिलं काम काय, तर ते पत्रे उतरवणं. बापूंना तीन गावांची नावं पाठ झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोबाइलवाल्याला सांगितलं, "गेल्सबर्गमध्ये काढलं बाबा त्यायनं." मोबाइलवाला म्हणाला, "कोण गेल्सबर्ग? जालन्याचा डीलर का?"

भाडेकरू हा बापूंच्या आयुष्यातला स्वतंत्र अध्याय. पाचपैकी तीन गाळे त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून दिलेले. टेलरचं भाडं महिना 40 रुपये. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं दरसाल शेकडा 4 टक्के वाढ मागता येते, असं वकिलानं सांगितल्यावर बापू हिशोब करत बसले. 40 वर 4 टक्के म्हणजे 1 रुपया 60 पैसे. रुपया ठीक, पण साठ पैसे द्यायचे कसे? 25 पैशांपासून खालची नाणी 2011 च्या जूनअखेर चलनातून गेली. टेलर मोठ्या मनानं म्हणाला, "बापू, साठ पैसे तुमच्या खात्यावर मांडून ठेवतो." त्याच कायद्याचं दुसरं टोक टेलरला ठाऊक होतं. मालकानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूनं ती करावी आणि भाड्यातून वळती करावी, पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त नाही. वर्षाचे 480, त्याचा पाव हिस्सा 120. एवढ्यात सिमेंटचं पोतंसुद्धा येत नाही. त्यामुळं कायदा दोघांच्या बाजूनं होता आणि छत दोघांच्या डोक्यावर गळत होतं. पावसाळ्यात टेलर शिलाई मशिनवर छत्री बांधून कपडे शिवायचा. त्याच छत्रीखाली बापू येऊन बसायचे आणि दोघं मिळून सरकारला बोलायचे.

भाडेकरू मागून पेढीला "बापूंचा कंचनीचा महाल" म्हणत. मेहकरात कंचनीच्या महालाचे अवशेष आहेत. लोणारच्या देवीचा दिवा दिसावा एवढा उंच महाल तिनं बांधायला घेतला आणि तो काही तडीस गेला नाही, अशी आख्यायिका. कुणीतरी हे बापूंच्या कानावर घातलं तेव्हा ते चिडले नाहीत. "तिनं निदान बांधायला तरी घेतलं होतं," एवढंच म्हणाले.

दर उन्हाळ्याच्या शेवटी कचेरीतून एक नोटीस येते. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाचं कलम 195, धोकादायक इमारत, दुरुस्त करा नाहीतर उतरवा. दुसरा माणूस घाबरला असता. बापू नोटीस घेऊन येणाऱ्या शिपायाला चहा पाजतात, पोच देतात आणि कागद फायलीत लावतात. "सरकारदरबारी पेढीची नोंद आहे याचा हा पुरावा," असं त्यांचं मत. वारसा म्हणून दुसऱ्या कुठल्या यादीत नाव नाही, निदान या यादीत तरी दरवर्षी येतं.

मग दुरुस्त का नाही करत? इथं आपण मूळ दुखण्यापाशी येतो. जुन्या इमारती वाळवीनं पडतात, ओलीनं पडतात, हे सगळं वरवरचं. खऱ्या पडतात त्या वारसांनी. पेढीच्या मिळकत पत्रिकेवर अजून पणजोबांचंच नाव. त्यांच्यामागं बापू धरून सतरा वारस: मेहकरात तीन, नागपूरला तीन, पुण्यात पाच, संभाजीनगरात चार, एक सुरतेला आणि एक न्यू जर्सीत. मेहकरच्या दोघांची हरकत नव्हती, कारण ते बापूंच्या रोज समोर होते आणि हरकत घेतली तर रोज चुना ऐकावा लागला असता. भाचीनं वकिलातीत जाऊन रीतसर मुखत्यारपत्र पाठवलं. "अमेरिकेतून सही येते," बापू म्हणायचे, "पुण्याहून येत नाही. पुणं लांब आहे." उरलेल्या तेरांना दुरुस्ती नको होती, पाडापाडीही नको होती, विक्रीही आत्ता नको होती. त्यांना फक्त आपला हिस्सा आहे एवढं माहीत असायला हवं होतं. लग्नात भेटले की म्हणायचे, "बापू, तूच बघतोयस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत." आणि सही मागितली की त्यांची बस निघायची वेळ व्हायची.

याच सुमारास जुन्या लाकडाचा व्यापारी येऊ लागला. हे लोक जुन्या पेठांमधून सावकाश मोटार चालवतात, नजर दुसऱ्या मजल्यावर. त्यानं सज्जाचे आठ खांब पाहिले आणि आकडा सांगितला. आकडा असा होता की काकूंनी आतून चहाबरोबर बिस्किटं पाठवली. बापूंनी विचारलं, हे जाणार कुठं? पुण्याजवळ रिसॉर्ट आहे, वाडा थीम. बापूंच्या पुण्याच्या पुतण्यानं मागच्याच महिन्यात अशाच एका ठिकाणाहून फोटो पाठवला होता. सागवानी खांबाला टेकून पितळी ताटात पिठलं-भाकरी, खाली लिहिलेलं: मुळांकडे परत. हाच पुतण्या सह्यांच्या यादीत नववा. बापूंनी व्यापाऱ्याला बिस्किटं खाऊ घातली आणि खांब दिले नाहीत. पण त्या रात्री ते सज्जात कंदील घेऊन एकेक खांब वाजवत बसले होते, असं टेलर सांगतो.

आता नालीची गोष्ट. पेढीच्या उत्तरेच्या कोपऱ्याशी ओल वाढली. नालीचं पाणी पायात मुरतंय का हे बघायला बापूंनी दोन मजूर लावून चर खणायला घेतला. हे दुसऱ्या गावात झालं असतं तर कुणी वळून पाहिलं नसतं. पण हे मेहकर. इथं 1888 मध्ये खणताना शारंगधर बालाजीची मूर्ती निघाली, काळ्या पाषाणाची, जवळपास अकरा फूट उंच. ती पाहायला अजूनही लांबून लोक येतात. त्यामुळं मेहकरात कुणीही कुदळ उचलली की गाव खड्ड्याभोवती उभं राहतं. त्यातून 2024 च्या जूनमध्ये शेजारच्या सिंदखेड राजात लखुजीराव जाधवांच्या समाधीचं जतनाचं काम चालू असताना शेषशायी विष्णू निघाले होते, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताजं. चर कमरेएवढा होईतो दीडशे माणूस जमलं. एका बाईनं हळदकुंकवाचं तबक आणलं. कुल्फीवाला आला. पोरांनी मोबाइल उंच धरले.

कुदळ कशावर तरी वाजली. खाली उतरून बापूंनी हातानं माती काढली. तराजूची गंजलेली दांडी, एक फुटकं माप आणि दोन रिकाम्या बाटल्या. बाटल्या पणजोबांच्या की नंतरच्या, यावर चर्चा नको म्हणून बापूंनी त्या घाईघाईनं पिशवीत टाकल्या. तेवढी घाई पुरली. "बापूनं काहीतरी पिशवीत टाकलं" हे वाक्य संध्याकाळपर्यंत बस स्टँडवर पोचलं, तिथून जानेफळला गेलं, रात्री संभाजीनगरला. सकाळी पुण्यात पेढीखाली हंडा होता. दुपारी नागपुरात दोन हंडे झाले.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला. मेहकरला उतरायची सोयही झाली. त्या रस्त्यानं तोवर पेढीचा एकही वारस मेहकरला उतरला नव्हता. त्या शनिवारी तीन गाड्या उतरल्या. पुण्याचे पाचही आले. सुरतचे आले, ते तर बापूंच्या मुंजीनंतर प्रथमच. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला, पेढीची माया कशी सुटत नाही ते सांगितलं, लहानपणी याच ओट्यावर कसे खेळलो ते सांगितलं. त्यातला एक संभाजीनगरातच जन्मला, वाढला. पण तोही खेळला. काकूंनी एकवीस माणसांचं वरण-भात-वांग्याची भाजी केली. जेवण झाल्यावर नागपूरचा चुलतभाऊ, जो स्वतः वकील, घसा खाकरून म्हणाला, "बापू, जे काही असेल ते आपण सामोपचारानं..."

बापू उठले. आतून तराजूची दांडी, माप आणि दोन्ही बाटल्या आणून सतरंजीवर मांडल्या.

कुणाचाच विश्वास बसला नाही. बसणारच नव्हता, हे बापूंना ठाऊक होतं. त्यांनी चष्मा लावला आणि शांतपणे सांगितलं की 1878 चा एक निखात निधीचा कायदा आहे, इंग्रजांच्या वेळचा. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांवर किमतीची वस्तू सापडली की कलेक्टरला कळवावं लागतं. लपवली तर गुन्हा. "आता तुमचं म्हणणं काही सापडलंय असं असंल तर सोमवारी सगळे मिळून बुलढाण्याला जाऊ. जबाब होतील. सतरा जणांचे. तारखा पडतील." मग जरा थांबून: "अन् काही सापडलं नाही असं असंल तर हा कागद आहे."

कागद तयारच होता. मुद्रांकावर टाइप केलेला, पोस्टातल्या माणसाच्या हातानं सरळ घड्या घातलेला. पहिला परिच्छेद: खोदकामात कोणताही निधी मिळालेला नाही. दुसरा परिच्छेद: सदर इमारतीची दुरुस्ती करण्यास आम्हां वारसांची कोणतीही हरकत नाही, खर्च भाड्यातून वळता होईल. पुण्याच्यांनी पहिला परिच्छेद वाचला आणि पेन मागितलं. वकील चुलतभावानं मात्र दोन्ही वाचले, तीनदा वाचले. दुसरा काढा म्हणाला. बापू म्हणाले, दोन्ही एकाच सहीला जोडलेत, एक निघाला की दुसरा निघतो. तो बराच वेळ बाटल्यांकडं बघत राहिला. शेवटी त्यानं सही केली आणि खाली तारीख टाकताना म्हणाला, "बापू, तू पोस्टात फुकट गेलास."

काम सुरू झालं ते वरून. धाब्याच्या छतावर दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा असतो, म्हणजे गळत नाही. तो द्यायला सगळ्यांना आठवतं, जुना काढायला कुणाला आठवत नाही. पणजोबांची माती, आजोबांची माती, वडिलांची, काकांची. उतरवायला घेतली तर मधल्या खोलीवर दोन फूट निघाली. दहा बाय बाराच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दहा टनांच्या आसपास ओझं, आणि ते एवढी वर्षं त्या तुळयांनी सोसलं. एका तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक कुजून हाताला पावडर लागत होती, बाकी लाकूड पोलादी. तरुण इंजिनिअरनं आधी म्हटलं, लोखंडी गर्डर टाकू. सुतारानं खालून जॅक लावला, कुजकं टोक कापलं आणि जुन्याच सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्यानं असा बसवला की इंजिनिअर शिडीवर चढून सांधा शोधत राहिला. तो खाली उतरला तेव्हा वहीत काहीतरी लिहून घेत होता. आमच्या कॉलेजात चुना एका तासात संपवला होता हो, असं म्हणाला.

डोणगावचा म्हातारा रोज खुर्चीत बसून घाणीवर लक्ष ठेवायचा आणि पोरांना शिव्या घालायचा. सिमेंटचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. पण एक दिवस मागच्या संडासाला त्यानं गुपचूप सिमेंट मारून घेतलं. बापूंना कळलं. ते काही बोलले नाहीत, तिकडं जायचे तेव्हा डोळे मिटून जायचे.

मोबाइलवाल्यानं निळं पॅनल काढलं, स्वखुशीनं नव्हे. मागून घुशींनी वायर खाल्ली म्हणून. पण काढलं, आणि वरची महिरप दिसली. तिच्यात दोन लाकडी पोपट निघाले. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक फोटो काढायला लागलं, तेव्हा त्यानं दुकानाचं नाव बदलून 'पोपट मोबाइल' केलं. टेलरनं भाडं आपणहून वाढवलं आणि जुने साठ पैसे धरून हिशोब चुकता केला.

वरच्या मजल्याचं काय करायचं, यावर गावात सूचनांचा पूर आला. जिम काढा. बापूंनी त्या माणसाकडं असं पाहिलं की तो रस्ता ओलांडून गेला. कोचिंग क्लास? शंभर पोरं एकदम जिना उतरणार, नाही. कॅफे? "भाजलेल्या कॉफीचा वास चुन्यात शिरतो," हे त्यांनी तिथल्या तिथं शोधून काढलं. बँक विचारायला आली, पण तिला तिजोरी आणायची होती आणि बापूंना तिजोरीचं वजन हवं होतं. बोलणं तिथंच अडकलं. शेवटी अभ्यासिका झाली. प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत तशी: खुर्च्या, मधे पार्टिशन, कोपऱ्यात पाण्याचा जार, आणि तलाठी, पोलिस भरती, एमपीएससीची पुस्तकं उशाला घेतलेली पोरं-पोरी. न बोलणारी, जागची न हलणारी माणसं. बापूंना यापेक्षा योग्य भार सापडला नसता. त्यांनी जिन्यात पाटी लावली: धावू नये. भिंतीला पाठ टेकू नये. खिळा ठोकू नये. निकाल लागल्यावर उड्या मारायच्या असल्यास खाली ओट्यावर माराव्यात.

पहिल्याच वर्षी एक पोरगा भूमी अभिलेखात भूकरमापक म्हणून निवडला गेला. बातमी आली तशी तो नियमाप्रमाणं ओट्यावर येऊन उड्या मारून गेला आणि पेढे घेऊन बापूंच्या घरी आला. बापूंनी पेढा तोंडात टाकला, पोराच्या पाठीवर हात फिरवला, आत गेले आणि बांधलेली फाइल घेऊन आले. वरती लिहिलेलं: मिळकत पत्रिका, वारस नोंद, प्रलंबित.

"बापू," पोरगा चाचरत म्हणाला, "माझं सिलेक्शन कोकण विभागात झालंय."

"मंग काय झालं," बापू फाइलीची गाठ घट्ट करत म्हणाले. "बदली होतेच ना कधीतरी. पणजोबा कुठं चालले?"